हौसराव आबा आणि माझा गाऊन

सोसायटीचे तीन संचालक दारात उभे होते आणि आमचे आबा माझा गाऊन घालून ओसरीवर बसले होते. मरून रंगाचा, पिवळ्या फुलांचा, पुढं चेन असलेला. डोक्यावर टोपी मात्र तशीच, कडक इस्त्रीची. सासऱ्याबद्दल असं चारचौघांत सांगतात का, असं कुणी म्हणेल. सांगतात! गावाचं आपापल्या परीनं मीठमसाला लावून सांगून झालंय, मग जिचा गाऊन तिनंच काय तोंड शिवून बसायचं?

आबा म्हणजे हौसराव. निमोण्यात कुणालाही विचारा. वय अडुसष्ट, विकास सोसायटीवर बावीस वर्षं संचालक, त्यात दोनदा चेअरमन. माईक दिसला की घसा खाकरतात. लग्न असो, दहावा असो की शाळेचं गॅदरिंग, भाषण एकच, फक्त नावं बदलायची. घरात म्हणाल तर चहाचा कप स्वतःच्या हातानं मोरीत ठेवल्याचं मी पाहिलेलं नाही. सासूबाई होत्या तोवर टॉवेल कुठं असतो हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. टॉवेल अजून मीच देते.

मी अक्षदा. माहेर दौंड तालुक्यातलं राहू. डिप्लोमा झालाय, रांजणगावला एका कंपनीत लाईन सुपरवायझर आहे. माझ्या हाताखाली बावीस जण, त्यातले अर्धे बिहार-यूपीचे, मला ‘मॅडमजी’ म्हणतात. ही नोकरी मला फार आवडते, उगाच लाजायचं कशाला. म्हणून साखरपुड्यातच माझ्या वडिलांनी अट घातली होती की पोरीची नोकरी सुटायची नाही. तेव्हा हे आबाच उठून उभे राहिले. माईक नव्हता तरी उठले. म्हणाले, “पाव्हणं, पोरीच्या नोकरीला कुणी हात लावणार न्हाई. हा हौसराव शब्द देतोय.” मंडपात टाळ्या पडल्या.

मग सार्थक झाला. पोरगं गोरंगोमटं, पण अवलादीनं बेरकी. झोप चाळीस मिनिटं, घड्याळ लावल्यासारखी. आणि खाणं म्हणाल तर फक्त अंगावरचं. बाटली दाखवली की किंचाळायचा, चमचा दाखवला की ओठ असे मिटायचा की बँकेची तिजोरी परवडली. माझी आई ताईबाई दोन महिने येऊन राहिली. तिनं दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, पायाखालची माती जाळली, आणि भावजयीचे दिवस भरले तशी राहूला निघून गेली. जाताना म्हणाली, “बाई, राहू दे ती नोकरी. लेकरापेक्षा काय जास्त हाय?” आईच असं म्हणाली म्हणजे बाकीच्यांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

पुण्याच्या मावसबहिणीनं मला फोनवरच्या कुठल्याशा मम्मी-ग्रुपात घातलं. तिथं सगळ्या सांगत होत्या, बाळाला वेगळ्या खोलीत ठेवा आणि रडू द्या, आपोआप झोपायला शिकतं. मी हे आबांना वाचून दाखवलं. आबा म्हणाले, “आपल्यात खोंडाला शिकवताना बी कुणी असं करत न्हाई.” त्या दिवशी मी त्या ग्रुपातून बाहेर पडले.

रजा संपत आली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला, सोमवारी, सकाळी साडेसहाच्या बसला हजर व्हायचं होतं. साहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं की आता वाढवून मिळणार नाही, आलात तर ठीक, नाहीतर जागा भरावी लागेल. माझा नवरा सत्यजीत कुरकुंभला केमिकल कंपनीत, मोटारसायकलवर जाऊन-येऊन करतो. त्याची शिफ्ट धरली तर पोराजवळ दिवसभर राहणारं माणूस एकच उरत होतं, टोपीवालं.

मी सरळ जाऊन उभी राहिले. “आबा, तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला व्हता,” आबा म्हणाले. “पर तवा हे पोरगं न्हवतं.”

“शब्दाला मुदत नव्हती लावली तुम्ही.”

आबांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. “बघतो,” म्हणाले. आबांचं ‘बघतो’ म्हणजे काय ते अख्ख्या शिरूर तालुक्याला माहीत आहे. बावीस वर्षांत त्यांनी जे जे ‘बघतो’ म्हणून सांगितलं ते कुणालाच दिसलेलं नाही. माझ्या तर मस्तकात सणक गेली.

तरी दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ते माझ्याबरोबर अंगणवाडीत आले. आमच्याकडं महिन्यातल्या एका मंगळवारी वजन आणि लसीकरण एकत्र असतं. टोचून झालं की सिस्टर अर्धा तास बसवून ठेवतात, पोराला काही होतंय का बघायला. हा अर्धा तास म्हणजे आमची खरी सभा. सासू नाही, नवरा नाही, सतरंजीवर मांडी घालून जे मनात येईल ते बोलायचं. त्या दिवशी सुरेखा होती, तिचं हे तिसरं, दीड वर्षाचं. आणि भीमनगरातली सीमा होती, शिरूरला तहसील कचेरीत क्लार्क आहे, तिची मुलगी नऊ महिन्यांची. पोराला सगुणाबाईंनी, म्हणजे अंगणवाडीच्या बाईंनी, काट्याच्या झोळीत टांगलं, वजन लिहिलं आणि आम्ही टेकलो. आबाही टेकले. सतरंजीच्या मधोमध.

सगळ्या चिडीचूप. पदर, ओढण्या सावरल्या गेल्या. आबांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि म्हणाले, “चालू द्या, चालू द्या. विषय काय हाय आजचा?”

सुरेखाला कशाचीच भीड नाही. तिनं सुरू केलं. “विषय काय आबा, झोप! माझा थोरला दीड वर्ष झोपला न्हाई. मी भाकरी थापता थापता डुलकी घ्यायला शिकले. एकदा तव्यावर हात टेकला तवा जागी झाले.”

“माझी मांडीवर गाढ झोपती,” सीमा म्हणाली, “खाली ठेवली की डोळे टक्क. पाठीला बटण हाय का काय कळत न्हाई.”

“आता ह्याचं अंगावरचं तोडतेय,” सुरेखा म्हणाली. “कोरफड लावली. पहिल्या दिवशी कार्ट्यानं तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी चाटूनपुसून प्याला. आता लावली न्हाई तर रडतंय, कोरफड कुठं हाय म्हणून!”

“आणि नवरा?” सीमानं हळूच विचारलं.

“त्याला आधी सांगायची राहिले व्हते बाई.”

झालं! हसून हसून आमच्या डोळ्यांतून पाणी आलं, सगुणाबाईंनी वजनाच्या वहीत तोंड खुपसलं. आबा समोरच्या भिंतीवरचा जीवनसत्त्वांचा तक्ता असा वाचत होते की दुसऱ्या दिवशी त्यांची परीक्षाच आहे. हसू ओसरलं तसा त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता भाषण. पण ते म्हणाले, “सगुणाबाई, पेन हाय का?”

खिशातली सोसायटीची डायरी काढली. “आमचं हे दुसऱ्या कुणाकडं खातच न्हाई. एक तारखेला सूनबाईला कामावर हजर व्हायचंय. बारा-तेरा दिवस हायेत. उपाय सांगा.”

सुरेखानं सीमाला कोपरानं ढोसलं. मग सीमा म्हणाली, “आबा, माझी पण अशीच करत होती. मी कचेरीत गेले की आईकडं एक घास घेईना. मग मी आईला माझा गाऊन दिला. धुतलेला न्हाई हां, अंगातनं काढलेला. लेकराला आई आधी नाकानं कळती.”

आबांनी लिहिलं. भीमनगरात आबा पाच वर्षांतून एकदा जातात, हात जोडून. तिथल्या एका पोरीचं त्यांनी ऐकून घेतलंय, तेही लिहून, हे मी पहिल्यांदा पाहत होते. सीमाच्याही ते ध्यानात आलं असणार, कारण पुढचं सगळं ती सावकाश, लिहून घ्या म्हणाल्यासारखं सांगत होती. नाचणीचं सत्त्व किती पातळ करायचं, चमचा कुठल्या बाजूनं द्यायचा, पोरानं थुंकलं तर रागवायचं नाही. शेवटी आबांनी डायरी मिटली आणि सूचनेबद्दल तिचे आभार मानले.

गाऊनचं पान मात्र त्यांनी बाजूला ठेवलं. आठवडाभर स्वतःच्या पद्धतीनं चाललं. सत्त्व शिजवायचं मी, भरवायचे ते. आधी विनंती, “घ्या साहेब, घ्या.” मग आवाहन. मग आश्वासनं, म्हणजे ट्रॅक्टरवर बसवीन, बैल दाखवीन. मग धमकी. पोरानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तोंडातली नाचणी टोपीवर उडवली. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांकडून मतं काढून घेतली त्यांना सहा महिन्यांच्या पोरानं डिपॉझिटसकट पाडलं. मला आतून भीती वाटत होती तरी ते बघायला मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी मी ठरवलं, आज दिवसभर समोरच यायचं नाही. सकाळी आंघोळ करून ड्रेस घातला, पोराला आबांच्या मांडीवर दिलं आणि घरामागं कांद्याच्या चाळीत जाऊन बसले. दहा वाजता तो रडायला लागला. साधं रडणं नाही, काळीज फाडणारं. माझा पान्हा फुटला, ड्रेस पुढून भिजला. मी ओढणीचा बोळा तोंडात घातला आणि कांद्यांकडं बघत बसले. नोकरी गेली चुलीत, असं दहा वेळा मनात आलं. अकराव्यांदा उठलेच होते, आणि रडणं थांबलं.

थांबलं ते थांबलंच. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग मात्र वाटलं, पोरगं निपचित पडलं की काय? पळत पुढं आले तर दारात बबनराव, रोहिदास आणि आणखी एक, सोसायटीचे तिघं, पुतळ्यासारखे उभे. आणि ओसरीवर आबा. माझा गाऊन. टोपी. मांडीवर सार्थक, एका हातात गाऊनचा काठ घट्ट धरलेला, आणि तोंड पाखराच्या पिलासारखं उघडं. आबा चमचा देत होते, पोरगं गिळत होतं.

आबांना उठता येईना. उठले तर पोराचं खाणं मोडणार. ते म्हणाले, “बसा मंडळी. ठराव मांडा. फक्त आवाज हळू ठेवा.”

सीमाला म्हणायचं होतं, गाऊन नुसता खांद्यावर टाका. पण ते तिनं शब्दांत सांगितलं नव्हतं, आणि आबांचं असं आहे की वहीत लिहिलं ते तंतोतंत. वहीत होतं, ‘गाऊन. न धुतलेला.’ त्यांनी बाथरूमच्या दारामागचा काढला आणि चेन लावून घातला. वाटी संपली. त्यातली अर्धी नाचणी गाऊनवर होती, पण अर्धी पोटात होती. मला आबांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले असते, पण पाय गाऊनमध्ये होते.

रोहिदासनं फोटो काढला. ग्रामस्थांच्या ग्रुपावर टाकला. खाली काय लिहिलं ते मी इथं सांगत नाही, पण पाच मिनिटांत दीडशे जणांनी हसून घेतलं.

फोटो कुरकुंभला सत्यजीतच्या कंपनीतही पोचला होता. चार वाजता घरी आला तो मोटारसायकल आडवी टाकूनच. “आबा, काय अवतार केलाय हा? कँटीनमध्ये पोरं मला विचारत्यात, तुझा बाप साडी कवा नेसणार म्हणून! लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तुम्ही.”

आबांनी मांडीवरचं पोरगं माझ्याकडं दिलं. बावीस वर्षांत विरोधकाचं ऐकून न घेतलेला माणूस, मान खाली घालून उठला, गाऊन काढला आणि खुंटीला अडकवला.

शनिवारी त्यांनी त्याला हात लावला नाही. सदरा, धोतर, टोपी, सगळं जिथल्या तिथं. पोरानं घास घेतला नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. रविवारी सकाळीही तेच. मी साहेबांना मेसेज लिहायला घेतला की मी येऊ शकत नाही. तीन वेळा लिहिला, तीन वेळा खोडला. सत्यजीत चहा पीत होता. म्हणाला, “जाऊ दे ना अक्षदा. बघू पुन्हा कधी. पोरगं मोठं झालं की मिळंल दुसरी नोकरी.”

मी काही बोलायच्या आत आबा बोलले. खाली बघत, भाषणाचा आवाज अजिबात नाही.

“सत्यजीत, तू दोन वर्षांचा व्हतास. ह्याच पायरीवरनं पडलास. कपाळ फुटलं. मी इथंच, हातभर अंतरावर उभा. आमचे वडील बाजेवर बसल्याले. तवा बापासमोर आपलं पोर उचलायची रीत न्हवती. निर्लज्ज म्हणायचे. तू माझ्याकडं हात पसरून रडत व्हतास, आन् मी आभाळाकडं बघत व्हतो. तुझी आई मागच्या विहिरीवरनं पाणी टाकून पळत येस्तोवर तू रडत राहिलास.” ते थांबले. “तुला पहिल्यांदा कडेवर घेतला तो आमचे वडील गेल्यावर. तवा तू सात वर्षांचा व्हतास, आन् खाली उतरव म्हणून लाथा झाडत व्हतास. लाज म्हंजी काय ते मला ठावं हाय, बाळा. गाऊन घातल्याची न्हाई ती.”

सत्यजीतच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक खूण आहे. लग्नानंतर मी विचारलं होतं तर म्हणाला होता, काय माहीत, लहानपणी कुठंतरी लागलं असेल. आता तो चहाचा कप तसाच ठेवून मागच्या दारानं निघून गेला.

मला रडू फुटलं. आबांची कीव आली, नवऱ्याचा राग आला, आणि सगळ्यात जास्त राग त्या खुंटीवरच्या गाऊनचा आला. बादलीत साबणाचं पाणी केलं. नाचणी वाळून कडक झाली होती, दुधाचा आंबूस वास मारत होता. म्हटलं, संपलं सगळं, निदान धुऊन तरी टाकावा. गाऊन बादलीत सोडणार तोच कुणीतरी मनगट धरलं.

सत्यजीत होता. डोळे लाल. “हा धुऊ नको,” म्हणाला. “वास जाईल.”

माझ्या हातातून गाऊन घेतला, झटकला, आणि ओसरीवर गेला. आबा पोराला मांडीवर घेऊन बसले होते, वाटी बाजूला गार झालेली. सत्यजीतनं पोराला आपल्या कडेवर घेतलं, बापासमोर, आणि दुसऱ्या हातानं गाऊन पुढं केला.

“घाला आबा.”

आबा उभे राहिले. मग टोपी काढली, सत्यजीतच्या पोर धरलेल्या हातात खोचली आणि गाऊन घालून घ्यायला डोकं खाली वाकवलं.

सोमवारी साडेसहाच्या बसला मी वेळेवर होते.